मळलेलं पीठ

परातीतलं पीठ मळलेलं होतं. सोनिया दारातच होती, एक चप्पल पायात, एक काढलेली, हातात अंड्यांची कागदी पिशवी, आणि तिथूनच तिला दिसलं. जाताना ती परातीत वाळूसारखं रवाळ पीठ सोडून गेली होती, मधेमधे बटरचे वाटाण्याएवढे खडे तसेच ठेवलेले, मुद्दाम. आता तिथं एक गोल, गुळगुळीत, तुकतुकीत गोळा बसला होता. वरून तेलाचा हात फिरवलेला, आणि मधोमध बोट दाबून बघितल्याची खळी. हसऱ्या बाळाच्या गालासारखी. आई ओट्याला टेकून उभी होती, मॅक्सीला हात पुसत. "कोरडंच टाकून गेलीस गं," ती म्हणाली, "फुटत होतं सगळं. मी दोन हात मारले. बघ कसं लुसलुशीत झालं."

लोकांची तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. सोनियाची मस्तकापर्यंत कधी पोचायचीच नाही. ती गळ्याशी अडायची आणि तोंडातून बाहेर पडायची, आणि पडली की मग समोर कोण आहे, मास्तर आहे का गिऱ्हाईक आहे का बाप आहे, काही बघायची नाही. आत्ताही ती वर आली. पोटऱ्या ताठ झाल्या, कान गरम झाले, जिभेच्या टोकावर पहिला शब्द येऊन बसला. सोनियानं दात मिटले. शब्द दातांना आतून धडका मारायला लागला. तिनं दुसरी चप्पल काढली, लई सावकाश, जशी काय ती काचेची आहे, आणि म्हणाली, "हां."

नुसतं हां. ते तिचं तिलाच ओळखू आलं नाही.

कारण आई गेल्याच आठवड्यात परत आली होती. बिडकीनहून, मामाच्या घरून. गेली तेव्हा कोणाला सांगून गेली नव्हती. कपड्यांची पिशवी भरली, खालच्या भागूबाईकडं किल्ली दिली आणि पैठण रोडनं जाणारी बस धरली. बसच्या पाटीवर संभाजीनगर, कंडक्टरच्या तोंडात अजून औरंगाबाद, आणि त्या दोन्हीतून आई निघून गेली. मुकुंदवाडीतल्या या दोन खोल्यांना तेव्हा एकदम कान फुटल्यासारखं झालं होतं. पप्पा टुरिस्टची गाडी चालवायचे, अजिंठा-वेरूळ करून घरी यायचे आणि खिचडी लावायचे. खालून करपलेली, वरून कच्ची. ती दोघं समोरासमोर बसून खायची. वरून चिकलठाण्याला उतरणारं विमान गेलं की तेवढाच आवाज. पप्पा एकदा एवढंच म्हणाले, "तुझी जीभ लई वाईट आहे बाळा." आणि मग स्वतःच कसनुसे झाले, आणि तिच्या ताटात लोणचं वाढलं. आई परत आली ती आपण होऊन. दारात उभी राहून म्हणाली, "पुढच्या खेपेला गेले तर मला कोणी बोलवायचं नाय." बोलवायला तरी कोण गेलं होतं. पण ती हे रागानं म्हणाली नव्हती, दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणावं तसं म्हणाली होती. त्याचीच सोनियाला भीती वाटली. तेव्हाच तिनं मनाशी पक्कं केलं, आता या घरात आवाज चढवायचा नाही. काय वाटेल ते होवो. आईनं डोक्यावर मिऱ्या वाटल्या तरी.

आणि आईनं पीठ मळलं होतं.

सोनियानं अंडी ओट्यावर ठेवली. नळ सोडला, दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्याखाली धरले. टाकीचं पाणी उन्हानं कोमट झालेलं. ती कामाला होती त्या कॅफेत अभय बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावायचा. अभय म्हणजे तिथला कुक, वेरूळचा पोरगा, तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, आणि स्वतःला म्हातारा समजणारा. "हात गार पाहिजे," तो म्हणायचा. "बटर विरघळलं की विषय संपला. आणि तुला राग आलेला असला तर पिठाच्या जवळ फिरकू नको, तुझे हात इस्त्रीसारखे तापतात." तिथंच तिनं तो पदार्थ पहिल्यांदा बघितला. पाय म्हणतात त्याला, इंग्रजीत. घरी येऊन सांगितलं तर आई हसून हसून लोळली होती, कोणाचा पाय गं? खाली पिठाची पारी, तिच्यात बेकनचे तुकडे, वर अख्खी अंडी फोडून सोडायची, ढवळायची नाहीत, आणि वरून पुन्हा पारीचं झाकण. भाजून निघाला की त्याच्या कडेला नुसता नखाचा धक्का लागला तरी पदर सुटायचे, सुकलेल्या पानासारखे. अभयनं तिला एक तुटलेली कड दिली होती. ती तिनं खाल्ली नाही, जिभेवर ठेवली आणि थांबली. कड आपोआप गेली. तेव्हा तिला वाटलं होतं, आयुष्यात एक गोष्ट आपल्याला करता आली पाहिजे तर ही. पण दुसऱ्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं तिला चुटकी वाजवून बोलावलं. ती त्याच्यासमोर गेली आणि दोन्ही हातांनी चुटक्या वाजवत राहिली, हळदीला नाचल्यासारखी, तो उठून जाईपर्यंत. मालकानं त्याच दुपारी हिशेब करून टाकला. साडीचं दुकान सुटलं, मोबाईलचं दुकान सुटलं आणि आता हे. शाळा धरली तर आणखी एक.

शाळेचं निराळं होतं. शाळेत तिच्या डब्यात अंडंच होतं, साधं, कांद्यात परतलेलं. पुढच्या बाकावरच्या पोरानं नाक धरलं आणि म्हणाला, यांच्यात डुकरं खातात. सोनियानं तेव्हा डुक्कर चाखलंही नव्हतं. स्टीलच्या डब्याचं झाकण त्याच्या कपाळावर बसलं तेव्हा तिला फक्त एवढंच जाणवलं की झाकणाला अजून मसाला होता आणि आता तो त्याच्या भुवईवर आहे. माफी तिनं एकटीनंच मागायची असं ठरलं. ती दप्तर उचलून बाहेर पडली ती नववी तिथंच बाकावर सोडून. नंतर मॉलच्या फ्रीजमध्ये तेच मटण तिनं बघितलं. गुलाबी, पातळ, पारदर्शक कागदात एकावर एक निजवलेलं, एसीची हवा खात, वर इंग्रजी नाव, बेकन. तिला लई हसू आलं. एकटीच हसायला लागली, तर शेजारच्या बाईनं ट्रॉली लांब घेतली.

आणि तरी बेकन आणायचं कारण ते नव्हतं. कारण आई होती. त्या दिवशी पायाच्या नावाला हसता हसता आई अचानक थांबली होती आणि हळूच विचारलं होतं, "डुकराचं असतं व्हय?" मग फॉल लावत लावत, साडीवरची नजर न काढता, सांगितलं होतं. ती लहान असताना बिडकीनला तिची चुलती दगडाबाई चुलीच्या वर तारेला पट्ट्या टांगायची, धुरावर. सकाळी उठलं की घरभर तो वास. पोरं तारेखाली तोंड वर करून झोपायची. मग वस्तीची बैठक बसली, सगळ्यांनी मिळून डुक्कर खाणं सोडलं. "बरंच झालं म्हणा," आई म्हणाली. सुईत दोरा ओवला. "पण वास लई भारी यायचा गं." तेवढंच. सोनियाचे डोळे तिखट होते. तिनं बघितलं होतं की हे बोलताना आईच्या नाकपुड्या हलल्या होत्या. आता आई परतल्यापासून सोनियाला तिला काहीतरी म्हणायचं होतं. चुकलं माझं, हे दोन शब्द. हे शब्द तिच्या तोंडाला बसत नव्हते, दुसऱ्याच्या मापाच्या बांगड्यांसारखे. म्हणून तिनं बेकन आणलं. पप्पा आज पाहुणे घेऊन फर्दापूरला गेले होते. चुलतभावाला, आकाशदादाला, कंपनीत दिवाळीला मिळालेला ओव्हन खोक्यातून बाहेर काढला. आईला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "आज तू फक्त बसायचं. ओट्याकडं यायचंच नाय. सगळं मी करणार, तुझ्यासाठी." आई बसली. जशी काय दवाखान्यात नंबर लागायचाय, तशी खुर्चीच्या टोकावर. आणि सोनिया अंडी आणायला खाली गेली, तेवढ्यात.

तिनं लाटणं घेतलं. गोळ्याचा मोठा भाग तोडला. तो तुटताना ताणला गेला, रबरासारखा, आणि तिथंच कळलं की आता यात काही राहिलं नाही, आईच्या गरम, कष्टाळू, भाकरी थापणाऱ्या तळव्यांनी एकेक खडा जिरवून टाकलाय. लाटलं तर पसरायचं आणि लाटणं उचललं की मागं यायचं. पुन्हा लाटलं, पुन्हा मागं. प्रत्येक वेळी तो शब्द दातांवर आपटायचा. तिनं मनातल्या मनात पोळपाटाला शिव्या दिल्या, लाटण्याला दिल्या, मैद्याच्या गिरणीला दिल्या.

"काय झालं?" आई मागून म्हणाली.

"काय नाय."

"बरं मळलंय ना?"

"हां."

"मीठ घातलं नव्हतंस का? घालू का?"

"नको."

"सोने, माझं काय चुकलं का?"

"नाय."

आपला आवाज किती सपाट लागतोय, सोनियाला वाटलं, किती छान. साडीच्या दुकानातल्या त्या सरळ केस केलेल्या पोरींसारखा. म्हणजे जमतंय. म्हणजे माणूस बदलू शकतो. तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं, आणि त्या कौतुकाच्या खाली, पोटात, एक ओला गोळा, तोही ताणला की मागं येणारा. तिनं पारी भाजायच्या टिनमध्ये बसवली. टिन जुन्या बाजारातला, एका बाजूनं चेपलेला. पारी कडेवरून घसरून तळाशी येत होती. तिनं अंगठ्यानं दाबून दाबून तिला भिंतीला चिकटवली. मागं पावलं वाजली. आई आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार करकरलं, ते नेहमी करकरायचं. मग चेनचा आवाज आला. लांब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. घरात एवढी लांब चेन एकाच वस्तूला होती.

सोनिया पिठाच्या हातानंच पळाली. आई पलंगावर पिशवी उघडून बसली होती आणि दोन साड्या आत गेल्या होत्या, तिसरीची घडी चालू होती. "कुठं?" सोनिया म्हणाली. "बिडकीनला," आई म्हणाली. "आत्ता?" "आत्ता." सोनियाला एकदम घरातली जमीन तिरकी झाल्यासारखी वाटली. "अगं पण मी काय बोलले? मी एक शब्द तरी बोलले का? मी तोंड उघडलं नाय!"

"तेच की!" आईनं साडी पिशवीत आपटली. आणि आईचा आवाज, जो सोनियानं आजपर्यंत कधी या पट्टीत ऐकला नव्हता, खिडकीच्या गजांना लागून खणखणला. "तेच की गं भवाने! नाय बोललीस! हां, नाय, नको! मागच्या खेपेलाही असंच! आधी ओरडलीस, ओरड! मला काय त्याचं? माझ्या माहेरी कोंबड्यासुद्धा ओरडून बोलतात. पण मग दार लावून बसलीस. दोन दिवस! मी दाराशी ताट ठेवलं, तसंच. पाणी ठेवलं, तसंच. कान लावला तर आत आवाज नाय. मला वाटलं पोरगी आत काय करून घेती का काय. पप्पाला म्हणलं तर तो म्हणे येईल बाहेर. मग तू दार उघडून मोरीत गेलीस, जिती दिसलीस, आणि मी पळाले. रागावून नाय गेले मी, सोने, भिऊन पळाले. भावाकडं जाऊन नुसती झोपले. आणि आज पुन्हा तेच सुरू केलंस तू, हां आणि नाय!"

सोनिया दारात उभी. बोटांवरचं पीठ सुकून कातडी ओढत होतं. ते दोन दिवस तिला आतून आठवत होते. गादी, पंखा, भिंतीवरचा ओलीचा डाग ज्यात बघेल ते दिसायचं. ती तर मोबाईलवर केकचे व्हिडिओ बघत होती, कानात घालून. ताट तिनं बघितलं होतं, मुद्दाम घेतलं नव्हतं. आपण आत एवढ्या मजेत रागावलेलो होतो आणि दाराच्या पलीकडं एक बाई कान लावून उभी होती, हे दार तिला कधी बाहेरून दिसलंच नव्हतं. आता दिसलं. हिरवा रंग, खाली सोललेला, आणि त्याला चिकटलेला आईचा कान. ओला गोळा पोटातून उठला, गळ्याशी आला, दातांवर धडकला, आणि या वेळी तिनं दात उघडले.

"अगं मग पीठ कशाला मळलंस!"

भिंतीवरची पाल पळाली. "सांगितलं होतं ना बस म्हणून! खुर्चीवर बस म्हणून! एक काम सांगितलं, बसायचं! ते बी जमेना तुला? बटरचे खडे ठेवायचे असतात त्यात, खडे! गार हातानं! मी बर्फात हात घालून घालून केलं, बोटं बधिर झाली माझी, आणि तू दोन हात मारले? तेल बी लावलं वरून!"

"उघडं पीठ टाकून गेलीस तर काय करू! परात बघवंना मला! असं कोण टाकून जातं पीठ, अर्धवट!"

"ते अर्धवटच असतं!"

"मग आधी सांगायचं ना, अर्धवट असतं म्हणून!"

"तुला बस सांगितलं होतं!"

"मला बसता येत नाय!" आई किंचाळली. "मला नाय येत बसायला, काय करू आता?"

खालून भागूबाईनं हाक दिली, "सरिता, काय झालं गं? येऊ का वर?" आणि दोघी एकाच दमात खिडकीकडं तोंड करून ओरडल्या, "काय नाय!" आई पिशवीकडं बघत होती. तिचा खालचा ओठ हलायला लागला, सोनियाला वाटलं रडती, पण ती हसत होती, आणि हसू दाबायला गेली तर नाकातून आवाज आला, आणि मग सोनियाचंही गेलं. ती दाराच्या चौकटीला टेकली, चौकटीला पीठ लागलं. "तेल लावलं," ती म्हणाली. "तेल!" आणि आई पलंगावर आडवी पडून पोट धरून हसायला लागली, भरलेली पिशवी उशाला घेऊन.

मग पुढचं दोघींनी मिळून केलं, आणि एकही मिनिट गप्प बसून नाही. बेकन तव्यावर पडलं, तडतडलं, आक्रसलं, आणि घरात तो वास उठला. आई तव्यावर वाकली आणि तशीच राहिली, डोळे मिटून. सोनिया ओरडली, केस जळतील. आईनं कांदा, मिरची, कोथिंबीर काढली. सोनियानं मिरची हिसकावून घेतली, कांदा राहू दिला. अंडी फेटून टाकू म्हणाली आई, अंड्याच्या पोळ्याला टाकतो तशी. सोनिया म्हणाली खबरदार. एकेक अंडं फोडून तिनं हलकेच सोडलं, पिवळं जसंच्या तसं, आणि प्रत्येक वेळी आई "गेलं, गेलं, फुटलं" म्हणायची आणि ते फुटायचं नाही. झाकणाची पारी मात्र आईनं हातातून काढून घेतली. तिनं कडेला करंजीसारखी मुरड घातली, भराभर, बोटांकडं न बघता, आणि सोनिया बघत राहिली. मनातल्या मनात म्हणाली, चेपलेल्या बाजूला तरी चुकेल. नाही चुकली. वरून अंड्याचा हात फिरवला, ओव्हनचं बटण पिरगळलं, आणि काचेपुढं जमिनीवर मांडी घालून दोघी बसल्या. आई बसली. पाच मिनिटं बसली, मग भांडी घासायला उठली.

बाहेर आला तेव्हा तो दिसायला लई देखणा होता. लाल, फुगलेला, तकतकीत. सोनियानं सुरी लावली आणि सुरी थांबली. दाबली, तरी थांबली. "बट्टी झाली," आई मान डोलावून म्हणाली, बिलकुल ओशाळं न होता, "वरणात कुस्करून खाता येईल." सोनियानं तिला ऐकवायचं ते ऐकवलं. आईनंही ऐकवलं, की एवढं होतं तर दुकानात जाताना परात डोक्यावर घेऊन जायचं. मग तिनं टिन स्वतःकडं ओढला, वरून मूठ मारली, कांद्याला मारतात तशी, आणि कवच टणकन फुटलं. आतून वाफ आली. आत पिवळं, पांढरं, आणि मधेमधे गुलाबी, तपकिरी, धुराचं.

आईनं बोटांनी पहिला तुकडा उचलला. फुंकर घातली. तोंडात टाकला.

आणि चावायला लागली. सावकाश. नजर समोरच्या भिंतीवर, पण भिंतीवर नाही, भिंतीच्या पलीकडं कुठंतरी. जबडा हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. सोनिया तिच्या तोंडाकडं बघत होती. खारट झालंय का. कच्चं राहिलं का. का सोडलेलं खाल्लं म्हणून मनात काही आलं. आईचे डोळे पाणावले होते, पण ते वाफेनंही असेल. आई काही बोलेना. नळाचा थेंब पडला. गल्लीत कोणाची तरी स्कूटर चालू होऊन लांब गेली. आई काही बोलेना. सोनियाला वाटलं आपण एका बंद दाराबाहेर उभे आहोत आणि आत काय चाललंय ते कळायला काही, काही मार्ग नाही.

"आई," ती म्हणाली. आई चावत होती. "आई, बोल ना. कसं झालंय? आई, बोल ना काहीतरी!"

"थांब की गं, मसणे!" भरल्या तोंडानं आई इतक्या जोरात ओरडली की अंड्याचा कण उडून सोनियाच्या गालावर बसला. "खाऊ दे की मला!"